एका फोनातले दोन पास

ढवळवाडीच्या पारावर बसून कुणी म्हणालं असतं की रेल्वेचा पास समुद्रातसुद्धा चालतो, तर लोकांनी त्याला वेड्यात काढलं असतं. पण चालतो बाबा! इटलीत बारी नावाचं बंदर आहे. तिथून संध्याकाळी बोट सुटते, रात्रभर पाणी कापत जाते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ग्रीसमध्ये, म्हणजे पार दुसऱ्या देशात, नेऊन सोडते. आगगाडीचा पास दाखवला की उघड्या डेकवर जागा. आबासाहेब हिरडेनं तो पास दाखवला. फोन त्याचा एकट्याचा, पण त्यात पास दोन होते. एक त्याचा स्वतःचा. दुसरा बजरंग हिरडेचा, त्याच्या सख्ख्या चुलत भावाचा, ज्याच्याशी तो अकरा वर्षं एक शब्द बोलला नव्हता.

आता असले दोघं एकत्र निघालेच कसे? तर लिंबापायी. श्रीगोंद्याकडच्या कागदी लिंबाचं नाव मोठं. लिंबूवाल्यांच्या संघानं ठरवलं, दोन शेतकरी बाहेरदेशी पाठवायचे, इटली-ग्रीसकडच्या बागा बघून यायच्या. वशिल्यावरून डोकी फुटायला नकोत म्हणून चिठ्ठ्या टाकल्या. स्टीलच्या कळशीत चिठ्ठ्या आणि उचलायला चौथीतली एक पोरगी. पहिली चिठ्ठी आबासाहेबाची निघाली. टाळ्या पडल्या. दुसरी बजरंगची निघाली आणि मंडपात असं काही चिडीचूप झालं की पोरगी घाबरून आईकडं पळाली.

"ही चिठ्ठी परत टाका, दुसरी काढा," कुणीतरी पुटपुटलं.

बजरंग मागच्या रांगेतून उठला. "माझं नाव निघालंय. मी जानार. ज्याला भ्या वाटत आसंल त्यानं घरी बसावं."

मग आबासाहेब कसला घरी बसतोय! माघार घेतली असती तर उद्यापासून टपरीवरच्या पोरांनी त्याला तोंड वर काढू दिलं नसतं. बायकोनं सांगून बघितलं, मुलानं सांगून बघितलं. पण हिरड्यांची जात मुलखाची हट्टी. दोघांनीही पासपोर्टाला फोटो काढले.

त्यांच्यात काय झालं होतं ते सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. दोघांच्या रानांमध्ये एक बांध होता. दर नांगरटीला बजरंग बांध कोरतो, असं आबासाहेबाचं म्हणणं. आबासाहेब कोरतो, असं बजरंगचं. खरं सांगायचं तर दोघंही कोरत होते. कोरून कोरून बांध बिचारा इतका बारीक झाला होता की त्याच्यावरून कुत्रं चाललं तरी चार पायांतले दोन ह्याच्या रानात आणि दोन त्याच्या रानात पडायचे. ज्वारी हुरड्यात आली होती तेव्हा एका सकाळी दोघं त्या बांधावर समोरासमोर आले. बजरंगच्या हातात कुऱ्हाड होती, आबासाहेबाच्या हातात खोरं. आधी आईबहिणीवरून झालं. मग कुऱ्हाड फिरली आणि आबासाहेबाच्या डाव्या हाताची दोन बोटं ढेकळात पडली.

आबासाहेबाचा धाकटा भाऊ मच्छिंद्र विहिरीच्या मोटारीवर होता, तो धावत आला. त्यानं बजरंगला मागून कवळा घातला आणि कुऱ्हाड हिसकून लांब फेकली. "दादा, थांब! धरलाय मी ह्याला! थांब!" तो ओरडत होता. पण आबासाहेबाच्या डोळ्यांपुढं लाल झालं होतं. त्यानं उजव्या हातानं खोरं उचललं आणि बजरंगच्या टाळक्याच्या रोखानं घातलं. बजरंगनं मान खाली घातली. खोऱ्याची धार मच्छिंद्रच्या कानशिलात घुसली. मच्छिंद्र नुसता खाली बसला आणि बसल्या जागी आडवा झाला.

आबासाहेबानं चारी बाजूंना बघितलं. ज्वारी डोक्याच्या वर गेलेली. माणूस कुठं दिसत नव्हतं. बजरंग थिजल्यासारखा उभा होता. आणि आबासाहेबानं बोंब ठोकली, "धावा रं! बजानं माझा भाव मारला!"

पोलीस आले, बजरंगला घेऊन गेले. बजरंगला वकील भेटला तोही मोठा हुशार. म्हणाला, तू जागेवर नव्हतासच म्हणून सांग, सुटशील. बजरंगनं तसंच सांगितलं. एकदा मी तिथं नव्हतोच म्हणाल्यावर घाव कुणी घातला ते कुठल्या तोंडानं सांगणार? सात वर्षं आत गेला. तो हवालातीत असताना त्याची बायको लंकाबाई खंडोबाच्या देवळात गावासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "माझ्या मालकानं मारलं म्हनताय न्हवं? मग आबासायब, उचला भंडार." देवाचा भंडार तळहातावर उचलून जे बोलायचं ते खरंच बोलायचं, ही गावाची रीत. आबासाहेबानं उचलला. खोटा उचलला. म्हातारी माणसं सांगत, खोटा भंडार उचलणाऱ्याला देव बारा वर्षांच्या आत गाठतो. आबासाहेब त्यानंतर एकदाही त्या देवळाची पायरी चढला नाही. चंपाषष्ठीला दरवर्षी त्याची कंबर धरायची.

त्याला जेलची भीती नव्हती म्हणा ना. त्याला भीती होती सविताची. सविता म्हणजे मच्छिंद्रची बायको. तेव्हा तिच्या पदरात दोन लेकरं, थोरलं सहा वर्षांचं. आबासाहेबानं ती स्वतःच्या पोरांपेक्षा काकणभर जास्त मायेनं वाढवली. रोज सकाळी सविता त्याच्यापुढं चहाचा कप ठेवायची आणि म्हणायची, "भावजी, च्या घ्या." तेवढ्या हाकेवर तो जगत होता. आपल्या नवऱ्याचा जीव ह्याच हातानं घेतला, हे तिला ज्या दिवशी कळेल त्या दिवशी आपण जिवंत राहून उपयोग नाही, असं त्यानं मनाशी पक्कं धरलं होतं. आणि ते सांगू शकणारा माणूस दुनियेत एकच होता.

तो आता त्याच्या शेजारी, बारीच्या धक्क्यावर, डोक्याला मफलर गुंडाळून उभा होता.

त्यांना बोटीवर बसवून द्यायला सृष्टी आली होती. बेलवंडीकडची पोरगी, इटलीत शेतीचं शिकायला गेलेली. बजरंगकडं साधा बटणांचा फोन, म्हणून तिनं दोघांचेही पास आबासाहेबाच्या फोनात घातले होते. "काका, एकमेकांना सोडू नका बरं का," ती दहा वेळा म्हणाली. "पास एकाच फोनात आहेत. चुकामूक झाली तर पंचाईत होईल." दोघंही दोन दिशांना बघत हो म्हणाले.

बोट कसली, चार मजली बाजार समितीच म्हणा. खालच्या मजल्यात मालट्रका घुसत होत्या. वर एका मोठ्या खोलीत पाठ टेकवायच्या गुबगुबीत खुर्च्यांच्या रांगा होत्या. आबासाहेबानं काय करावं? एसटी फलाटाला लागली की खिडकीतून रुमाल टाकायचा आणि जागा धरायची, ही आपली जन्माची सवय. त्यानं खांद्यावरचा टॉवेल दोन खुर्च्यांवर पसरला आणि वर पिशवी ठेवली. झाली जागा! त्या खुर्च्यांचे वेगळे पैसे असतात, त्यावर नंबर असतात, पासवाल्यांनी बाहेर उघड्यावर पसरायचं असतं, हे त्याच्या गावीही नव्हतं.

खुर्चीचा मालक आला. ट्रक ड्रायव्हर असावा. मानेवर गोंदलेलं, दंड मांडीएवढे. तो काहीतरी बोलला, आबासाहेबानं टॉवेलाकडं बोट दाखवलं. तो परत बोलला, आबासाहेबानं परत टॉवेल दाखवला. मग त्या गड्यानं टॉवेल उचलून फरशीवर भिरकावला, पिशवी लाथेनं उडवली आणि बूट टॉवेलावर ठेवून उभा राहिला. आबासाहेब वाकून टॉवेल ओढायला गेला तर त्याच्या पाठीत गुडघा बसला. तो तोंडावर आपटला. ओठ फुटला, तोंडात रक्ताची खारट चव आली.

आणि मग काय झालं ते आबासाहेबाला मरेपर्यंत विसरता येणार नव्हतं. बजरंग मागून आला. पन्नाशीचा माणूस, पण एकेकाळी तालमीत घुमलेला. त्यानं ड्रायव्हरच्या कमरेला हात घातला, उचलला आणि खुर्च्यांच्या रांगेवर आदळला. खुर्चीचा हात तुटला. ड्रायव्हर उठला, त्यानं बजरंगच्या नाकावर बुक्की हाणली, रक्ताची धार लागली. बजरंगनं डोक्यानं धडक दिली. ड्रायव्हरचे दोन साथीदार धावून आले, एकानं बजरंगचा मफलर मागून आवळला, दुसरा पोटात लाथा घालू लागला. आबासाहेब उठला आणि त्यातल्या एकाच्या दंडाला कडकडून चावला. बायका किंचाळत होत्या. शेवटी बोटीच्या माणसांनी सगळ्यांना सोडवलं आणि ह्या दोघांना दंडाला धरून वर, मागच्या उघड्या डेकवर, नेऊन सोडलं.

"तुला कुनी मधी पडाया सांगितलं हुतं?" आबासाहेब हाफत म्हणाला. अकरा वर्षांतलं पहिलं वाक्य.

बजरंगनं मफलरनं नाक पुसलं. "तुला हानायचा तर मी हानीन. त्या भडव्याचा काय संबंध?"

काय बोलावं! आबासाहेबाला हसू आलं आणि फुटलेला ओठ दुखला म्हणून ते गिळलं.

डेकवर वारा मोकाट सुटला होता. कडेला जीव वाचवायच्या नारिंगी होड्या टांगलेल्या होत्या. त्यातल्या शेवटच्या होडीच्या आडोशाला दोघं बसले. तिथं दिव्याचा उजेड येत नव्हता, दुसरं माणूसही नव्हतं. बजरंगनं पिशवीतून फडकं काढलं. लंकाबाईनं बांधून दिलेल्या बाजरीच्या भाकरी होत्या, वाळून कडक झालेल्या, आणि शेंगदाण्याची चटणी. त्यानं एक भाकरी मोडली आणि अर्धी पुढं केली. आबासाहेबानं ती बघितली. मग घेतली. भूक लागली होती, आणि भाकरीचा वास घरचा होता. ज्या घराचं पाणी त्यानं अकरा वर्षं वर्ज्य केलं होतं, त्या घरची भाकरी तो भर समुद्रात खात होता.

जेवण झाल्यावर आबासाहेबानं चंची सोडली. लोखंडी अडकित्ता काढून सुपारी कातरायला घेतली. बापाचा अडकित्ता, चांगला मणभर जड.

"आबा, एक बोलायचं हाय," बजरंग म्हणाला. "ग्यानेश्वरी पंचवीसची झाली. पाहुनं येत्यात, च्या पित्यात, गावात चौकशी करत्यात आन गप निघून जात्यात. खुन्याची पोर म्हनत्यात माझ्या लेकीला."

आबासाहेबाचा अडकित्ता थांबला.

"सात वर्सं मी गप काढली. भाईर येऊन चार वर्सं गप बसलो. आता बस. मला कोर्ट नको, कागद नको. तू फकस्त सविताच्या म्होरं खरं सांग. तिनं ऐकलं की गाव ऐकंल."

"आन न्हाई सांगितलं तर?"

"तर येत्या चंपाषष्ठीला खंडोबाच्या देवळात मी भंडार मांडनार. समद्या गावाम्होरं. आधी मी उचलतो, मग तू उचल."

"मागं उचललाय की मी!"

"मागं मी हवालातीत हुतो. आता म्होरं आसंन. माझ्या डोळ्यांत बघून उचल."

आबासाहेबाला आतून ठाऊक होतं, हात दुसऱ्यांदा उठायचा नाही. सविता समोर उभी असताना तर नाहीच. सगळा गाव बघेल. सविता बघेल. तिची दोन्ही पोरं बघतील.

"बजा, असं करू नगंस," तो म्हणाला. "बांध घे. समदं रान घे. पोरीच्या लग्नाचं मी बघतो."

"बांध घालू का चुलीत? तू नुसता घरी चल आन बोल. तुझं वाईट हुनार न्हाई, एवढं मी सांगतो."

"ते तू कशावरनं सांगतोस रं? तू कोन देव लागून गेलास?"

बजरंगनं तोंड उघडलं. काहीतरी जिभेवर आलं होतं त्याच्या. मग त्यानं ते गिळलं आणि मान हलवली. "ते न्हाई सांगता येत. शपथ हाय मला. पर माझ्यावर इश्वास ठेव."

विश्वास! ज्याला सात वर्षं खोट्यानं सडवला तो आपल्याला विश्वास ठेव म्हणतो, ह्यात काहीतरी डाव आहे, असं आबासाहेबाला वाटलं. आपण जसे असतो तसं जग दिसतं, दुसरं काय! त्याच्या कानात नुसतं घों घों होऊ लागलं. आणि त्या घोंघाटात त्यानं हातातला अडकित्ता बजरंगच्या कपाळावर हाणला.

बजरंग मागं कोलमडला. कपाळ उसवलं, रक्त डोळ्यात उतरलं. "आबा, येडा झालास का!" तो ओरडला. दुसरा घाव खांद्यावर बसला. तिसरा बजरंगनं हातावर झेलला आणि आबासाहेबाचं उजवं मनगट दातांत धरलं, असं की दात हाडाला लागले. आबासाहेबानं त्याच्या पोटात गुडघा मारला. दोघं लोखंडी फरशीवर गडगडत कठड्यापाशी गेले. नखं, कोपर, डोकी, जे हाताशी येईल त्यानं मारत होते. एकमेकांचे केस उपटत होते. बांधावर जे अर्धवट राहिलं होतं तेच इथं चालू होतं, फक्त सोडवणारा मच्छिंद्र नव्हता.

बजरंग आधीच्या मारानं खिळखिळा झालेला होता. कठड्याला धरून तो उभा राहिला तेव्हा रक्तानं त्याला धड दिसतही नव्हतं. आबासाहेब खाली वाकला, त्याच्या दोन्ही मांड्यांना कवळा घातला आणि सगळा जोर लावून वर रेटला. बजरंग कठड्यावरून पलीकडं गेला.

पण पडला नाही. खालच्या गजाला त्याचा डावा हात अडकला. तो लोंबकळत होता. खाली काळं पाणी फेसाळत होतं आणि इंजिनाच्या धडधडीत दुसरं काही ऐकू येत नव्हतं.

आबासाहेब गुडघ्यावर बसला आणि गजांमधून हात घालून त्यानं बजरंगचं मनगट धरलं. खोटं कशाला सांगा, धरलं त्यानं. क्षणभर त्याला खरंच त्याला वर ओढायचं होतं. भाकरीचा चुरा अजून दाढेत होता.

"आबा... वड वर," बजरंग म्हणाला. "घरी चल. चांगलं हुईल तुझं. खंडोबाची आन, चांगलं हुईल."

घरी चल. आबासाहेबाला घर दिसलं. देवळाचा मंडप दिसला, भंडाराचं ताट आणि ताटापलीकडं सविताचं तोंड. त्यानं मनगट सोडलं. बाजूला पडलेला अडकित्ता उचलला आणि गजावरच्या बोटांवर घातला. एकदा, दोनदा. बोटं सुटेनात. तिसऱ्यांदा त्यानं दोन्ही हातांनी घातला. अकरा वर्षांपूर्वी चुकलेला घाव ह्या वेळी बरोब्बर बसला.

बजरंग ओरडला नाही. किंवा ओरडला असेल, इंजिनापुढं ऐकू आलं नाही.

आबासाहेबानं अडकित्ता पाण्यात टाकला. नळावर खिशातला रुमाल भिजवून कठडा पुसला, फरशी पुसली, आणि होडीच्या आडोशाला उजाडेपर्यंत बसून राहिला. समोर भाकरीचं फडकं पडलं होतं. त्यात एक भाकरी उरली होती.

सकाळी त्यानं बोंब मारली, माझा भाव दिसत न्हाई. बोंब मारायची त्याला सवय होतीच. ग्रीसच्या धक्क्यावर पोलिसांनी त्याला दोन दिवस ठेवून घेतलं. फोनवरून हिंदी बोलणारा एक माणूस विचारत होता आणि हा सांगत होता, रात्री पाय घसरला असंल, मी झोपलो हुतो. अंगावरच्या जखमांचं काय, असं त्यांनी विचारलं. ह्यानं बोटीवरच्या मारामारीचं सांगितलं, तेव्हा त्यांनी त्या ड्रायव्हरला बोलावलं. नाकाला पट्टी लावलेला तो गडी आला आणि त्यानं कबुली दिली, मारामारी आमच्याशी झाली. वर हेही सांगितलं की हे दोघं सख्खे भाऊ आहेत साहेब, एकाला हात लावला तर दुसरा जिवावर उदार झाला. पोलिसानं मान हलवली आणि अपघात म्हणून लिहून घेतलं. आबासाहेबाला त्यानं पाणी दिलं आणि पाठीवर हातही ठेवला.

परत येताना तोच पास, तीच बोट, मग रोमची गाडी. टीसीनं त्याचा फोन हातात घेतला. पडद्यावर दोन नावं. टीसीनं शेजारच्या रिकाम्या सीटकडं बघितलं आणि दोन बोटं वर केली. आबासाहेबानं मान खाली घालून एक बोट दाखवलं. पासाची मुदत संपायला अजून सहा दिवस होते, आणि फोन उघडला की बजरंगचं नाव त्याच्या नावाखाली तसंच दिसत होतं.

ढवळवाडीच्या वेशीत जीप शिरली आणि आबासाहेबाला वाटलं, कुणाची तरी मिरवणूक आहे. हलगी कडाडत होती, गुलाल उडत होता. मिरवणूक त्याचीच होती. भावकीतल्या पोरांनी त्याला जीपमधून ओढून खांद्यावर घेतलं.

"आरं, काय करताय! पाय घसरला त्याचा!"

"व्हय व्हय, घसरला!" बिभीषण सरपंच डोळा मारून हसला. "आकरा वर्सं वाट बघितलीस पठ्ठ्या! भावाचा बदला घ्यावा तर असा. आमी कुठं काय म्हनतोय? घसरलाच!"

सगळे हसले. त्याला घराच्या ओट्यावर पाटावर बसवला. बजरंगचं घर चार घरं सोडून पलीकडं होतं. तिथला दरवाजा बंद होता.

सविता घंगाळं घेऊन बाहेर आली. पदर डोक्यावर नीट घेतलेला. तिनं त्याच्या पायांवर पाणी घातलं आणि दोन्ही हातांनी पाय धुवायला लागली. हलगी जोरात चालू होती, तिचं बोलणं फक्त त्यालाच ऐकू येत होतं.

"भावजी, त्या दिशी मी ह्यांची न्याहारी घिऊन आल्ते. ज्वारीत हुते. समदं बघितलं मी."

आबासाहेबानं पाय मागं ओढायला बघितला. तिनं घोटा घट्ट धरला.

"दोन लेकरं पदरात, आन तुमच्या दारात ऱ्हानारी बाई मी. कुठं बोलनार हुते? लेकरं शहानी हुईस्तोवर गप बसले. तुमी जायच्या आदल्या दिशी बजरंगभावजींच्या पाया पडले. म्हनलं, तिकडं दोघंच आसाल, त्यांच्या मनाला हात घाला. ते आपल्या तोंडानं माझ्याम्होरं बोलले तर मी माफ करीन, पोलिसात जानार न्हाई. पर मी बघितलंय हे त्यांना सांगायचं न्हाई. त्यासाठी भंडार उचलायला लावला मी बजरंगभावजींना."

ते न्हाई सांगता येत. शपथ हाय मला. आबासाहेबाला तो अंधार दिसला, रक्तानं भरलेलं तोंड दिसलं, गिळलेला शब्द दिसला. एक वाक्य बोलला असता तर बजरंग वाचला असता. गजाला लोंबकळतानासुद्धा तो ते बोलला नाही. घरी चल, चांगलं हुईल, एवढंच म्हणत राहिला.

"सविता," तो म्हणाला. "सविता, मी तुझ्या भ्यानं..."

"माझ्या भ्यानं?" ती वर बघून म्हणाली. "च्या देत हुते की मी रोज."

ती उठली. पदराला हात पुसले. आत गेली आणि देव्हाऱ्यातलं तांब्याचं ताट घेऊन आली. ताटात बेलाचं पान होतं आणि मूठभर भंडार. तिनं हात वर केला तशी हलगी थांबली.

"समदे हायत," ती मोठ्यानं म्हणाली. "बजरंगभावजींचा पाय घसरला म्हनत्यात आमचं भावजी. आन माझ्या मालकाला बजरंगभावजींनी मारलं म्हनत्यात. दोन्ही एकदाच उचलू द्या."

लोकांना गंमत वाटली. "उचल की आबा!" सरपंच ओरडला. "हाय काय आन न्हाई काय! घसरला म्हन आन मोकळा हो!" पोरांनी शिट्ट्या मारल्या. पलीकडचा बंद दरवाजा करकरला आणि लंकाबाई लेकीचा हात धरून उंबऱ्यावर येऊन उभी राहिली.

सवितानं ताट त्याच्या छातीपाशी धरलं. तिची दोन्ही पोरं तिच्या मागं होती. आबासाहेबानं उजवा हात गुडघ्यावरून उचलला. मनगटावर दातांचा अर्धा गोल होता, खपली धरलेला. हात ताटाच्या काठापर्यंत गेला आणि तिथंच अडला. त्यानं दुसऱ्या हातानं, तीन बोटांच्या हातानं, तो धरून पुढं रेटून बघितला.

शिट्ट्या एकेक करून थांबल्या. सरपंचाचं हसू तोंडावर तसंच राहिलं आणि मग तेही गेलं.

"घसरल्याचं ऱ्हाऊ द्या भावजी, माझ्या मालकाचं तरी उचला," सविता म्हणाली.

आबासाहेबाचा हात परत गुडघ्यावर येऊन पडला. लंकाबाईनं उंबऱ्यावरूनच ते बघितलं, आणि गावानंही बघितलं.